स्टँड हलवू नये

आमच्या बाल्कनीत झाड एकच, कढीपत्त्याचं. आईने बेळगावहून ठाण्याला येताना रोप मांडीवर घेऊन आणलं होतं. माझी तब्येत ती आठवड्यातून एकदा विचारते, झाडाची सकाळ-संध्याकाळ.

तर जुलैमध्ये त्याच्या पानांवर कबुतराची घाण दिसायला लागली. बाल्कनीला जाळी असून कबुतर शिरतं कुठून, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. मी एक मग पाणी ओतलं. घाण गेली नाही. दुसरा मग ओतला, तर घाण चालायला लागली.

मी किंचाळलो, हे मान्य करतो. लहानपणी गावच्या शेवग्याखाली झोपलो असताना पाठीवर केसाळ सुरवंट पडला होता. आजीने घोंगडीने खसाखसा पुसलं तेव्हाची आग अजून आठवते. पण चौथीतल्या आमच्या चिऊने जवळ जाऊन निकाल दिला, ‘बाबा, याला केस नाहीत. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून लहानपणी ही अळी शिटेसारखी दिसते.’ जगण्यासाठी माणसंही काय काय होतात, पण इतकं नाही.

अळ्या पाच होत्या. आठवड्यात त्या कात टाकून हिरव्यागार झाल्या, बोटाएवढ्या झाल्या आणि फांदीमागून फांदी साफ करायला लागल्या. पोह्यांत कढीपत्ता दिसेना. शेजाऱ्यांनी सल्ले दिले : तंबाखूचं पाणी मारा, आंबट ताक मारा, निंबोळी अर्क मारा. सासऱ्यांचा यवतमाळहून फोन आला. त्यांचा कापूस. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या शेतकऱ्यांची काय दैना केली, ते त्यांनी घरात बसून पाहिलेलं. ‘जावईबापू, तुमच्याकडे अळ्या पाळल्या म्हणे?’ एवढं बोलून ते जरा वेळ गप्पच राहिले. मग म्हणाले, ‘आणखी पायजे असतीन तं सांगा, पाठवतो.’

शेवटी आईनेच कात्री काढली. अळीसकट फांदी कापून खाली टाकायची, असा बेत. तिने फांदीला हात लावला मात्र, अळीने डोकं उचललं. डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन ठिपके, अंग फुगवलेलं, आणि त्यातून एकदम लालभडक दुभंगलेली जीभ बाहेर! शिवाय सडक्या फळासारखा उग्र वास.

‘अगं बाई, नाग!’ आईच्या हातातली कात्री पडली.

ती जीभ नसते, मानेजवळची ग्रंथी असते, ऑस्मेटेरियम म्हणतात, शत्रूला हाकलायला ती वास सोडते, हे सगळं चिऊने सांगून पाहिलं. पण दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती. त्या दिवशी आमच्याकडे चिरायचं नाही, कापायचं नाही, तवासुद्धा ठेवायचा नाही. आईने कात्री कपाटात टाकली आणि कुंडीपुढे हात जोडले. एक दिवसाची माफी होती, पण हात जोडलेल्या देवावर पुन्हा कात्री कोण धरणार?

आता पानं पुरेनात. भाजीवाली कोथिंबिरीबरोबर कढीपत्त्याच्या दोन काड्या फुकट टाकते, पण त्यावर फवारणी असली तर अळ्या मरतील, असं चिऊ म्हणाली. आम्ही खातो त्याबद्दल तिला काही म्हणायचं नव्हतं. म्हणून सोसायटीमागच्या गल्लीतल्या झाडाची पानं ओरबाडायला मी अंधार पडल्यावर पिशवी घेऊन जायला लागलो. वॉचमन माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागला.

या सगळ्याला जरा प्रतिष्ठा यावी म्हणून मी आईला दडपून सांगितलं, ‘हे आपलं राज्य फुलपाखरू आहे. २०१५ साली सरकारने जाहीर केलंय. राज्याचं फुलपाखरू ठरवण्यात देशात आपला पहिला नंबर.’

‘बाबा, ते ब्लू मॉरमॉन. राणी पाकोळी. हे कॉमन मॉरमॉन आहे.’

‘मग हे कुठल्या राज्याचं?’ आईने विचारलं.

बेळगावच्या माणसाने हा प्रश्न विचारला की आमच्या घरात सगळे खाली बघतात.

‘कर्नाटकाचं सदर्न बर्डविंग आहे आजी,’ चिऊ म्हणाली. ‘त्याच्या अळ्या कढीपत्ता खात नाहीत.’

‘खात नाहीत ना? मग हे आपलंच.’

पाचांतल्या दोन बुलबुलाने नेल्या. आई उलथनं घेऊन धावली, पण उशीर झाला होता. उरलेल्या तिघी एका सकाळी झाडावरून गायब. दोघींचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. तिसरी कपडे वाळत घालायच्या स्टँडच्या वरच्या दांडीवर सापडली. तिचा कोश झाला होता. शेपूट दांडीला चिकटलेलं, कमरेभोवती रेशमाचा एकच धागा, त्या भरवशावर मागे रेललेली. लोकलच्या दारात एका हाताने दांडा धरून लोक उभे असतात, तश्शी.

चिऊने स्टँडवर कागद चिकटवला : ‘स्टँड हलवू नये.’

श्रावणातला पाऊस, चार माणसांचे कपडे, आणि वरच्या दांडीला हात लावायचा नाही! टॉवेल दारांवर गेले, चादरी डायनिंगच्या खुर्च्यांवर. माझे मोजे फ्रिजमागे वाळायला टाकले, ते तिथेच राहिले. अंगाला कुबट वास यायला लागला. त्या अळीचं निदान शत्रूला हाकलायला तरी होतं, माझ्यापासून ट्रेनमध्ये मित्रच लांब सरकायला लागले. बायको म्हणाली, ‘अकरा दिवस काही न खाता, न बोलता लटकून राहायचं. तू करून बघ.’

बाराव्या दिवशी पहाटे आईने हाक मारली. कोश फुटला होता. चुरगळलेले ओले पंख घेऊन ते दांडीला लोंबकळत होतं. बघता बघता पंख ताणले गेले : काळे, मागच्या पंखांवर पांढरे डाग आणि लाल चंद्रकोरी. चिऊ म्हणाली, ‘मादी आहे. कॉमन रोझ नावाच्या विषारी फुलपाखराची नक्कल करते, म्हणजे पक्षी घाबरतात.’

‘मुलगी झाली,’ आई बायकोला म्हणाली आणि साखरेचा डबा काढला.

उडायच्या आधी मुलीने मातकट रंगाचा एक थेंब खाली सोडला. खालच्या दांडीवर माझा पांढरा शर्ट होता, घरात वाळलेला तेवढा एकच. मी त्या डागाकडे बघत राहिलो.

‘काही होत नाही,’ आई म्हणाली. ‘बाळाचं आहे. वास नसतो त्याला.’

दहाला ऑफिसात मीटिंग होती. मी तोच घालून गेलो.