डिगॉक्सिन द्यावे, पण विसरू नये

हृदयविकारावर नवनवी औषधे आल्यापासून डिगॉक्सिन मागे पडले आहे. काहींना ते कालबाह्य आणि विषारी वाटते, तर काहींच्या लेखी ते वनस्पतीपासून मिळते म्हणूनच निर्धोक ठरते. मला ही दोन्ही मते रुग्णाच्या हिताची वाटत नाहीत. या औषधाला आजही जागा आहे, परंतु एकदा सुरू करून वर्षानुवर्षे तसेच चालू ठेवण्याचे हे औषध नव्हे.

अंगावरच्या सुजेसाठी श्रॉपशायरमधील एक वृद्धा देत असलेल्या काढ्याविषयी १७७५ साली विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांचे मत विचारण्यात आले. त्यातील वीसेक वनस्पतींपैकी खरे काम फॉक्सग्लव्ह (डिजिटॅलिस) ही फुलझाडाची वनस्पती करते हे त्यांनी ओळखले, आणि पुढे दहा वर्षांच्या नोंदी १७८५ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्या नोंदींत यशाबरोबर अपयशही आहे, म्हणून मला त्यांच्याविषयी विशेष आदर वाटतो. मात्रा वाढली की उलट्या होतात, वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसतात आणि नाडी फार मंदावते, हे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले. पानांचा जोर ऋतूप्रमाणे बदलतो म्हणून ती फुलोऱ्याच्या वेळीच खुडावीत, असाही त्यांचा आग्रह होता. ही अडचण दूर व्हायला १९३० साल उजाडावे लागले. त्या वर्षी सिडनी स्मिथ या रसायनशास्त्रज्ञांनी फॉक्सग्लव्हच्याच डिजिटॅलिस लॅनाटा या जातीच्या पानांतून शुद्ध डिगॉक्सिन वेगळे केले.

हे औषध हृदयाच्या पेशींवरील सोडियम-पोटॅशियम पंप (हे क्षार पेशीच्या आत-बाहेर नेणारी यंत्रणा) अडवते, त्यामुळे पेशीत कॅल्शियम वाढते आणि स्नायू अधिक जोराने आकुंचन पावतो. शिवाय व्हेगस मज्जातंतूच्या मार्फत ते ठोक्यांचा वेग कमी करते.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ६,८०० रुग्णांच्या चाचणीत डिगॉक्सिनमुळे मृत्यू कमी झाले नाहीत, मात्र हृदय निकामी होत गेल्याने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटले. या निष्कर्षाचा पहिला अर्धाच भाग अनेकदा सांगितला जातो, याचे मला वाईट वाटते. ज्या माणसाला चार पावले टाकताच धाप लागते, त्याचे रुग्णालयातले दिवस कमी होणे ही लहान गोष्ट नाही. पुढील विश्लेषणांत असेही दिसले की रक्तातील पातळी मिलिलीटरला ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम इतकी कमी राखणे हिताचे असते; १.२ च्या वर गेलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक होते.

खरी काळजी वृद्ध रुग्णांची आहे. डिगॉक्सिन मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, आणि वयोमानाने मूत्रपिंडाचे काम मंदावते, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी योग्य असलेली ०.२५ मिलिग्रॅमची गोळी आज त्याच व्यक्तीला जास्त होऊ शकते. त्यात सुजेसाठी लघवीची गोळी चालू असते. तिने पोटॅशियम घटले की डिगॉक्सिनचा विषारी परिणाम लवकर होतो. मध्येच कुणी अमिओडॅरोन किंवा व्हेरापामिल ही हृदयाची औषधे किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक लिहून दिले, तर पातळी आणखी चढते. रुग्ण मात्र एवढेच सांगतो, की जेवण जात नाही, मळमळते, गळून गेल्यासारखे वाटते. घरचे म्हणतात, वय झाले. आणि अनेकदा डॉक्टरही तसेच म्हणून भूक वाढवण्याचे औषध देतात. माझ्या मते डिगॉक्सिन घेणाऱ्या व्यक्तीची अन्नावरची वासना उडाली, तर आधी नाडी व ईसीजी पाहावा, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक), पोटॅशियम आणि डिगॉक्सिनची पातळी तपासावी, आणि मगच वयाकडे बोट दाखवावे. पातळीसाठी रक्त घेताना शेवटच्या गोळीनंतर किमान सहा तास गेलेले असावेत, नाहीतर आकडा फसवा येतो. विषबाधा गंभीर असेल, तर त्यावर खास प्रतिपिंडांचे इंजेक्शन आहे, पण ते सगळीकडे हाताशी असतेच असे नाही.

म्हणून ज्यांच्या घरी हे औषध चालू आहे, त्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: हे औषध आता नेमके कशासाठी चालू आहे, गोळी ०.१२५ मिलिग्रॅमची पुरेल का, आणि मूत्रपिंडाची शेवटची तपासणी कधी झाली. या प्रश्नांनी डॉक्टरांचा अवमान होतो असे मला मुळीच वाटत नाही. उलट ही उत्तरे चिठ्ठीवरच लिहिलेली असावीत, म्हणजे दुसऱ्या आजारासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांनाही ती दिसतील.