ब्याऐंशी वर्षांनी झालेला फेरफार

रायन विल्यम्सवरून आमच्या दहावीच्या ग्रुपवर जुंपली, त्याला बरेच दिवस झाले, पण ते माझ्या डोक्यातून जात नाही. गडी ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली. भारताकडून फुटबॉल खेळता यावं म्हणून त्याने तिकडचं नागरिकत्व सोडलं आणि २०२५ मध्ये आपला पासपोर्ट घेतला. आपल्याकडे २००८ पासून नियमच आहे, देशाच्या संघात यायचं तर पासपोर्ट भारताचा हवा. त्याने नियम पाळला. तरी बॅचमधल्या एका वकील मित्राने लिहिलं, "भाडोत्री माल. आपली पोरं मेली का?" खाली अंगठ्यांची रांग लागली.

मीही पर्थलाच राहतो, पण स्कॉटलंडच्या. (साताऱ्यात हे सांगून थकलो, काकू अजून विचारतात, कांगारू दिसतं का.) मी लिहिलं, "जगात सगळीकडे असंच चालतं, जरा बाहेर बघा." त्यावर वकील : "तू पासपोर्ट टाकून बसलायस, तू नको शिकवू."

"जरा बाहेर बघा" हे लिहायला नको होतं, कबूल. पण पुढचं मी मनात शंभरदा लिहिलंय, ते इथे लिहितो.

१९२४ साली फ्रान्समधल्या शामोनीला बर्फावरच्या खेळांच्या स्पर्धा भरल्या. तेव्हा त्यांचं नाव होतं आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडा सप्ताह. पहिलं हिवाळी ऑलिंपिक म्हणून मान्यता मागाहून मिळाली. ब्रिटनचा संघ गेला होता. कर्लिंगमध्ये, म्हणजे बर्फावरून दगड निशाणाकडे सरकवायच्या खेळात, मैदानात चौघे : विली जॅक्सन, त्याचा मुलगा लॉरेन्स, टॉम मरे आणि चोपन्न वर्षांचा रॉबिन वेल्श. नाव ब्रिटनचं, चौघेही स्कॉटिश. स्वीडनला ३८-७ आणि फ्रान्सला ४६-४ असं धुतलं आणि घरी आले. पुढे जग विसरलं. कर्लिंग प्रदर्शनीय होतं की अधिकृत, याचीच कुणाला खात्री नव्हती. २००२ मध्ये ऱ्होना मार्टिनच्या महिला संघाने सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलं तेव्हा, कर्लिंगमधलं हे ब्रिटनचं पहिलंच, असं सगळे धरून चालले. मग ग्लासगोच्या 'हेराल्ड' पेपरने कागद उकरले आणि २००६ मध्ये ऑलिंपिक समितीने मान्य केलं की १९२४ चं कर्लिंग अधिकृत होतं. आमच्या भाषेत, ब्याऐंशी वर्षांनी फेरफार मंजूर झाला. चौघांतलं कोणी तो बघायला उरलं नव्हतं.

माझा मुलगा इथल्या डेवर्स सेंटरमध्ये कर्लिंग शिकला. दगड सरकवण्यापेक्षा त्याला दगडापुढे झाडू मारत पळणं आवडतं. बायको म्हणते, घरी मात्र हात लावत नाही.

आता हॉकी घ्या, कारण वकिलाला उत्तर तिथे आहे. त्याच शामोनीत ब्रिटनला आइस हॉकीचं कांस्य मिळालं. संघात बरेचसे लष्करी अधिकारी, त्यातले काही चक्क कॅनडात जन्मलेले. कॅनडाने त्यांना १९-२ असं लोळवलं, ते सोडा. स्वीडनला ४-३ ने हरवून पदक आणलं. पुढे १९३६ मध्ये गार्मिश-पार्टेनकिर्शेनला तर ब्रिटनने कॅनडालाच २-१ हरवून सुवर्ण घेतलं, आणि त्या संघातले बहुतेक जण ब्रिटनमध्ये जन्मले असले तरी बर्फावर उभं राहायला कॅनडात शिकलेले. कॅनडाने दोघांवर हरकत घेतली होती. आज इथे कोणी त्या संघाला भाडोत्री म्हणत नाही.

हे मी ग्रुपवर टाकणार होतो. तेवढ्यात आठवलं की इथेही काही सगळे संत नाहीत. टेनिसवाला अँडी मरे जिंकला की ब्रिटिश आणि हरला की स्कॉटिश, हा विनोद मी इथे आलो त्याच वर्षी ऐकला, टी-रूममध्ये. आणि स्कॉटलंडच्या रग्बी संघाचा डुहान व्हॅन डर मर्व्ह दक्षिण आफ्रिकेत जन्मला, यावर पबमध्ये कुजबुज असतेच. तो ट्राय (रग्बीतला गोल म्हणा) करतो त्या दिवशी नसते.

शामोनीतलं अजून एक मला खूप उशिरा कळलं. तिथल्याच समारंभात आधुनिक ऑलिंपिक सुरू करणाऱ्या पिअर द कुबेर्तँने गिर्यारोहणाची पदकं दिली, १९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेला. ती घ्यायला उभा होता मोहिमेचा उपनेता एडवर्ड स्ट्रट. त्याने शब्द दिला की यातलं एक पदक शिखरावर नेऊन ठेवू. मोहीम शिखरापर्यंत पोचली नव्हती. ७ जून १९२२ ला एव्हरेस्टच्या नॉर्थ कोल खिंडीच्या चढावर हिमकडा कोसळला आणि सात शेर्पा हमाल गेले. दार्जिलिंगला भरती करून नेलेली माणसं. पदकाच्या मानकऱ्यांत त्या सात जणांचीही नावं धरली गेली. आजच्या काही याद्यांत त्यांच्यापुढे 'भारत' असं लिहिलेलं आहे. कोणी लिहिलं? कुठल्या कागदावरून? १९२२ मध्ये त्यांच्यापैकी एकाकडे तरी पासपोर्ट असेल का? स्ट्रटचा शब्द २०१२ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक केन्टन कूलने पाळला, एक पदक वर नेलं. सातांसाठी कोणी काय कबूल केलं होतं, ते मला कुठे सापडलं नाही.

मी वकिलाला विचारणार होतो, ह्या सातांना तू आपलं म्हणशील का? म्हणशीलच, मेलेत ना. मेलेल्यांना आपलं म्हणायला नियम लागत नाही. रायनला लागतो. मला लागतो.

हे कडवट झालं. खरं सांगायचं तर मला रायनचं फार पडलेलं नाही, मी आयएसएल ही आपली फुटबॉल लीगही बघत नाही. मला झोंबलं ते 'टाकून बसलायस'. नागरिकत्वाच्या समारंभाला कौन्सिलमध्ये मी सूट घालून गेलो होतो. शपथ घेतली, फोटो काढला, येताना ग्रेग्जमधून खाऊन घरी. जुना पासपोर्ट परत करायचा होता, त्यावर रद्दचा शिक्का बसला. आईला फोनवर सांगितलं, "पासपोर्ट रिन्यू केला." अजून तेच सांगतो. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाला मिळतं ते) तिने एकदा बघितलं, म्हणाली, "आधारसारखंच आहे की." मी म्हटलं, "हो."

ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आली तर ठेवता येते, हे मला कोणी सांगितलं असेल? ह्याच वकिलाने. आप्पा गेल्यावर फी न घेता सगळे कागद त्यानेच केले. परवा रात्री, म्हणजे त्याच्या रात्री एक वाजता, खासगीत त्याचा मेसेज आला : "वारस नोंद मंजूर. सातबारा पाठवतोय, नाव बघून घे. ग्रुपवरचं मनावर घेऊ नको."

नाव बघितलं. दादाच्या खाली, ताईच्या वर. मोठं करून दोनदा बघितलं. मग लिहिलं, "थँक्स रे. मग रायनचं काय म्हणतोस?"

"तो विषय वेगळा."