जोर लावा, बसतंय!

"जोर लावा वहिनी, बसतंय."

काल रॅम विकणाऱ्या दुकानदाराकडून फोनवर हे ऐकलं आणि डोकंच फिरलं. रॅम म्हणजे पीसीच्या मेमरीची पट्टी; डीडीआर थ्री, डीडीआर फोर या तिच्या पिढ्या. डीडीआर थ्रीच्या स्लॉटमध्ये डीडीआर फोरची रॅम, वर म्हणे जोर लावा! अहो, खाचच दुसऱ्या जागी आहे. थ्रीला 240 पिना, फोरला 288. जोर लावून रॅम नाही बसणार, मदरबोर्ड, म्हणजे पीसीचा मुख्य बोर्ड, बसेल कायमचा.

दुकानात पाय ठेवला तेव्हाच परत फिरायला हवं होतं. आठवडाभर पीसी सुरू केला की नुसतं पीं पीं, स्क्रीन काळी. म्हटलं, रॅम गेली. मी स्पष्ट सांगितलं, डीडीआर थ्री, आठ जीबी, डेस्कटॉपची. गडी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणतो, "सर न्हाई आले? त्यांना फोन द्या, सांगतो." सर म्हणजे आमचे हे. त्यांना काय सांगतोस बाबा! सरांना पेनड्राइव्ह तीनदा उलटासुलटा केल्याशिवाय लावता येत नाही. पीसी माझा, रिटर्न मी भरते, निम्म्या गल्लीचे. 2019 च्या पुरात सांगलीच्या गावभागातल्या घरातून हा डबा डोक्यावर घेऊन जिना मीच चढले होते, तेव्हा सर पिंपातले तांदूळ वाचवत होते.

मग "नवीनच घ्या की ओ." मग "थ्री आता येतच न्हाई." मग ड्रॉवरमधून "ही एकच राहिलीय" म्हणून पाकीट. पैसे रोख, बिल मागितलं तर प्रिंटर बंद. गणपतीच्या फोटोखाली पाटी मात्र ठळक : विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

दोन वर्षांपूर्वी विश्रामबागेत एकानं एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा भाग, बदलून दिला होता. वर स्टिकर 450 वॅटचं, हातात घेतला तर भडंगाच्या पुड्याएवढा हलका! आणि डब्याचे चार स्क्रू गेले ते गेलेच. यांच्या घरी काय स्क्रूंची भाजी करतात का? वरून ते विंडोज. 14 ऑक्टोबर 2025 ला टेनचा सपोर्ट बंद, आणि इलेव्हनला म्हणे टीपीएम टू नावाची सुरक्षेची चिप पाहिजे, आठव्या पिढीचा प्रोसेसर पाहिजे. माझा आय थ्री तिसऱ्या पिढीचा. सोयरीक जुळवताना एवढ्या पिढ्या बघितल्या नव्हत्या आमच्यात.

असो. रात्री त्या दुकानदाराच्या सात पिढ्या काढत पाकीट कचऱ्यात टाकायला उचललं, तर वर ठसठशीत छापलेलं, डीडीआर फोर. चश्म्याशिवाय दिसेल एवढं. "सर न्हाई आले?"चा राग गिळण्यात दंग होते, वाचलं कोणी!

शेवटी जुनीच रॅम काढली, लेकाच्या खोडरबरानं तिचे सोनेरी दात घासले, पुन्हा बसवली. क्लिक. जोर न लावता. आणि सुरू झालं की ओ! म्हणजे रॅम गेलेलीच नव्हती. पैसे गेले फक्त.

तारीख दाखवत होता 1 जानेवारी 2009. बोर्डावरचा, तारीख-वेळ सांभाळणारा सेल संपलेला, आणि तारीख चुकीची म्हणून बँकेची साइट उघडेना. रात्रीचे साडेदहा, कुठलं दुकान उघडं असणार? नेमका तोच गोल सेल घरात आणखी एका वस्तूत असतो हे मला ठाऊक होतं.

सकाळी सात वाजता स्वयंपाकघरातून सासूबाई : "अगं, हा वजनकाटा का चालू होईना?"