शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स बघून शाळा ठरवू नका, नववीचं हजेरीपुस्तक बघा

दहावीचा निकाल लागला की दोन दिवसांत आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर-लांज्याकडे नाक्यानाक्यावर फ्लेक्स लागतात, अमक्या हायस्कूलचा निकाल शंभर टक्के, यशाची परंपरा कायम. मग गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुरू होतं. त्यांचा शंभर लागला, आपला ८८ च का, शाळा पार पडली आता, मास्तर शिकवतात तरी काय, पोरांना तालुक्याला इंग्लिश मीडियमला घाला. यावर्षीही तेच चाललंय. माझा मुलगा याच शाळेत आहे, शिक्षक-पालक संघामुळे माझं शाळेत जाणंयेणं असतं, म्हणून सविस्तर लिहितेय. पोस्ट मोठी झालीये, पण ज्यांची मुलं सहावी-सातवीत आहेत त्यांनी तरी पूर्ण वाचा.

आधी त्या ८८ चा हिशोब करू. आपल्या शाळेतून दहावीला १७ मुलं बसली, १५ पास झाली, दोन राहिली. झाले ८८ टक्के. त्यातला एक जरी सुटला असता तरी ९४ झाले असते, म्हणजे २०२५ ला अख्ख्या राज्याचा निकाल लागला होता (९४.१०) तेवढे. एका पोराला पेपराच्या दिवशी ताप आला की आपल्या शाळेचे सहा टक्के गेले. तीनशे मुलं बसणाऱ्या शहरातल्या शाळेत दोन राहिली तर ९९ च्या वर निकाल लागतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. इतक्या कमी पटाच्या शाळेला एका वर्षाच्या टक्केवारीवरून चांगली-वाईट ठरवणं म्हणजे एका पोराच्या एका पेपरावरून अख्ख्या स्टाफला मार्क देणं झालं.

आणि ही टक्केवारी तरी किती भरवशाची? २०१८ ला राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ होता. पुढच्या वर्षी भाषांचे २० मार्कांचे तोंडी-अंतर्गत गुण काढून टाकले, अभ्यासक्रमही नवा होता, निकाल धाडकन ७७.१० वर आला. २०२० ला अंतर्गत गुण परत आले, निकाल ९५.३०. आणि २०२१ ला कोरोनात परीक्षाच झाली नाही, शाळांनीच मूल्यमापन केलं, तर ९९.९५! त्या तीन-चार वर्षांत शाळा त्याच होत्या, मास्तर तेच, फळे तेच, पोरांची डोकी पण तीच. बदलली ती मार्क द्यायची पद्धत. आपला कोकण विभाग तर दरवर्षी राज्यात पहिला असतो, २०२५ ला ९८.८२ टक्के. मला त्याचा अभिमान आहेच, इथली पोरं पावसापाण्यातून चालत येऊन शिकतात. पण जिथे जवळजवळ सगळेच पास होतात तिथे पास होण्याच्या टक्क्यावरून एका शाळेत आणि दुसऱ्या शाळेत फरक कसा करणार?

आता खरा मुद्दा, जो ग्रुपवर कुणी बोलत नाही. नववी.

आठवीपर्यंत आरटीईचा (शिक्षण हक्क कायद्याचा) आधार असतो, पुस्तकं फुकट, दुपारचा आहार असतो. नववीत हे सगळं एकदम थांबतं आणि नेमकी तिथेच बऱ्याच ठिकाणी गाळणी लागते. ज्याला दहावीत काढणं अवघड आहे असं दिसतं त्याला नववीतच नापास करून ठेवायचं, आईबापाला बोलवून सांगायचं की याचं काही खरं नाही, दाखला काढून घ्या, १७ नंबरचा (बाहेरून परीक्षा द्यायचा) फॉर्म भरा. तो बाहेरून बसला की त्याचा निकाल शाळेच्या नियमित टक्केवारीत धरत नाहीत. शाळेचे शंभर राहतात आणि पोरगं मे महिन्यात मुंबईला कुठेतरी दुकानात लागतं, फॉर्म भरला का नाही विचारायलाही कुणी नसतं. सगळ्या शाळा असं करतात असं मी अजिबात म्हणत नाही, स्वतःच्या मेहनतीने शंभर आणणाऱ्या शाळा आहेत आणि त्यांना माझा नमस्कार. पण पालक म्हणून तुम्हाला फ्लेक्सवरून हा फरक कळणारच नाही. तो कळतो एकाच गोष्टीवरून. आठवीच्या हजेरीपुस्तकात किती नावं होती आणि दोन वर्षांनी त्यातली किती दहावीला बसली? बाकीची कुठे गेली? बदली होऊन गेली असतील तर ठीक, दाखल्यावर कारण असतं. बिनदिक्कत विचारा, आपल्या मुलांची शाळा आहे.

आपल्या शाळेत यावर्षीच्या बॅचला आठवीत १८ नावं होती. एक मुलगी वडिलांबरोबर पुण्याला गेली, एकजण मध्येच सुटला, बाकीची सगळी १६ आणि बाहेरून आलेला एक अशी १७ परीक्षेला बसली. जी दोन राहिली त्यातल्या एकाला दुसऱ्या एका शाळेने नववीतच नको म्हटलं होतं, तो आपल्याकडे आला (आपला जो एकजण सुटला तो आयटीआयच्या नादात, ते लपवायचं कारण नाही, सर अजून त्याच्या घरी जाऊन येतात). या नवीन आलेल्या मुलाची गणिताची वही मी स्वतः बघितलीये. वजा तीन गुणिले वजा दोन, त्याने उत्तर वजा सहा लिहिलेलं. सरांनी नुसती फुली मारली नव्हती, त्या पायरीला लाल गोल, शेजारी दोन वजा मिळून अधिक का होतात ते दोन ओळीत, आणि खाली "परत कर". त्याखाली पोराने परत केलेलं, त्यातही एक चुकलेलं, परत गोल. पानंच्या पानं अशी. तो पोरगा गणितात राहिला, बाकी सगळ्या विषयांत सुटला, आता पुरवणीला बसतोय, एटीकेटीने अकरावीला जाता येईल. तुम्ही ज्याला निकाल पडला म्हणताय ना, तो या मुलाला आत घेतला म्हणून पडलाय. मला अशीच शाळा हवी आहे.

म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा हुशार मुलीची वही मागू नका, ती कुठेही चांगलीच असते. मागच्या बाकावरच्या मुलाची वही मागा. आणि मुलांशी बोला. दहावीच्या विज्ञानात साधा प्रयोग आहे, मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा टाकायचा, थोड्या वेळाने निळा रंग फिका पडतो आणि खिळ्यावर तांबूस थर चढतो. कुठल्याही मुलाला विचारा, तू स्वतः केलास का? ज्याने केलाय तो खिळा आधी पॉलिश पेपरने घासावा लागतो हे न विचारता सांगेल. ज्याने फक्त गाईडमध्ये वाचलाय तो पाठ केलेलं समीकरण म्हणेल. प्रयोगशाळेची खोली आहे की नाही यापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

मुलींच्या टॉयलेटला पाणी आहे का आणि आतून कडी लागते का, हे आयांनी स्वतः जाऊन बघावं, मीटिंगमध्ये विचारू नये.

अजून एक. एकूण शिक्षक किती हे विचारून भागत नाही, गणित-विज्ञान कोण शिकवतं ते विचारा. पदं पटावरून ठरतात, संच मान्यतेत (पट मोजून पदं मंजूर करतात त्यात) पट घसरला की पद जातं, निवृत्त झालेल्याच्या जागी वर्षानुवर्षं माणूस मिळत नाही. मग मराठीच्या बाई इतिहास पण घेतात, पीटीचे सर भूगोल घेतात, विज्ञानाला घड्याळी तासावर कुणीतरी येतं. त्यात यूडायसवर शाळेची ऑनलाइन माहिती भरा, मुलांचे अपार आयडी काढा, बीएलओची म्हणजे मतदारयादीची ड्युटी करा. एवढं सगळं मास्तरांच्या डोक्यावर टाकायचं आणि निकालाच्या दिवशी जाब पण त्यांनाच विचारायचा, हे मला पटत नाही. रिकाम्या पदाचा जाब संस्थेला आणि शिक्षण खात्याला विचारायला हवा.

आणि लहान शाळेकडे जे आहे ते तीनशे मुलांच्या शाळेला कधीच जमणार नाही. वर्गशिक्षकांना विचारून बघा, मागच्या तीन बॅचची पोरं आता कुठे आहेत? आमच्या बाई रजिस्टर न उघडता सांगतात, हा रत्नागिरीला आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतोय, ही तालुक्याला बारावी सायन्सला, याने सोडलं, याला परत आणायचंय. २०२५ ला अकरावीची ऑनलाइन ॲडमिशन पहिल्यांदा राज्यभर लागू झाली, साइट चालेना, वाडीवर रेंज नाही, तेव्हा याच बाईंनी शाळेत बसून एकेका मुलाचा फॉर्म भरला, कॉलेजचे पसंतीक्रम आईबापाला समजावून सांगत. आठवीत एनएमएमएसच्या शिष्यवृत्ती परीक्षेला किती मुलं बसवली तेही विचारा. पास झालेल्याला नववी ते बारावी वर्षाला १२ हजार मिळतात, साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घराला ही रक्कम लहान नाही, आणि त्या परीक्षेची तयारी जादा तास घेतल्याशिवाय होत नाही. जादा तास कोण घेतं, त्यावरून शाळा कळते.

निकालाला काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाहीये. चार-पाच वर्षं सलग निम्मी मुलं राहत असतील तर तिथे काहीतरी बिघडलंय आणि विचारलंच पाहिजे. पण तेव्हाही सगळी वर्षं एकत्र धरून बघा, कुठल्या विषयात राहतात ते बघा. आपल्याकडे बहुतेक गणितातच राहतात आणि गणिताचं पद रिकामं आहे, सध्या विज्ञानाचे सर दोन्ही ओढतायत.

गणपतीला चाकरमानी आले की मुंबई कमिटीची (गावच्या मुंबईकरांच्या मंडळाची) आणि गावाची मीटिंग होईलच, गुणवंतांचा सत्कारही होईल, तो झालाच पाहिजे. फक्त त्याच मीटिंगमध्ये या दोन गोष्टी विषयपत्रिकेवर घ्या अशी माझी विनंती आहे. एक, गणिताचं पद भरेपर्यंत तासिकेवर शिक्षक ठेवायला गावाने आणि कमिटीने मिळून मानधन काढायचं. दुसरं, पलीकडच्या वाडीच्या साकवावरून (ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून) पाणी गेलं की जुलै-ऑगस्टमध्ये तिथली पोरं येऊच शकत नाहीत, त्यांची हजेरी आणि बुडालेला अभ्यास याचं काय करायचं ते मुख्याध्यापकांबरोबर बसून ठरवायचं. मी अर्ज लिहून ठेवलाय, ज्यांना सही करायची आहे त्यांनी कमेंटमध्ये सांगा, शनिवारी मी शाळेतच असेन.