‘ती टायटल्स कॉम्प्युटरचीच’ म्हणे!

सध्या एक मेसेज जिकडेतिकडे फिरतोय. सत्तर-ऐंशीच्या दशकातली सिनेमाची चमकणारी टायटल्स म्हणे कॉम्प्युटरवर केलेली, त्याआधी काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं रंगवून शूट करायचे, आणि तसंही आज फोनवर ते पाच मिनिटांत होतं. तीन वाक्यं, तिन्ही गंडलेली.

पहिलं कॉम्प्युटरचं. 1982चा ‘ट्रॉन’ घ्या, कॉम्प्युटरचा सिनेमा म्हणूनच ओळखतात ना त्याला, पण नटांच्या कपड्यांवरची ती चकाकी डार्करूमची आहे: ब्लॅक अँड व्हाइट शूट केलेली एकेक फ्रेम कोडॅलिथ नावाच्या, राखाडी जवळपास न धरणाऱ्या लिथ फिल्मवर मोठी करून काढली, मागून लाइट टाकला आणि परत शूट केली. त्याच वर्षीच्या ‘द थिंग’चं पेटत उमटणारं टायटल तर अजून भारी. धुराने भरलेली माशांची टाकी, मागे नाव लिहिलेली सेल शीट म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचा ताव, कचऱ्याची प्लॅस्टिक पिशवी, तिच्यामागे लाइट, आणि दिली पिशवी पेटवून! हां, 1958च्या ‘व्हर्टिगो’तल्या गरगरत्या आकृत्यांना अ‍ॅनिमेशन करणाऱ्या जॉन व्हिटनीने विमानविरोधी तोफेचं गणित करणारं यंत्र वापरलं होतं हे खरं, आणि पुढे कॅमेरा सरकवणाऱ्या मोटरला हुकूम द्यायलाही कॉम्प्युटर आले. पण ते हलवायचं काम. उजेड फिल्मवरच पडायचा.

आता ‘पाटीवर रंगवायचे’. पाटी कुठली राव, या चमकणाऱ्या टायटल्सचं खरं काम लाल दिव्याखाली चालायचं. छापलेल्या काळ्या अक्षरांचा फोटो लिथ फिल्मवर घ्यायचा, तिला लाल उजेड दिसतच नाही म्हणून लाल दिवा. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, दोन बाटल्यांत, ऐन वेळी मिसळायचा, कारण मिसळला की काही तासांत मरतो. ट्रेमध्ये फिल्म टाकली की आधी बराच वेळ काहीच नाही, मग एकदम काळं धरतं आणि झपाट्याने पसरतं. मधला राखाडी रंग जवळपास नाहीच, कागदाचा पांढरा भाग ठार काळा आणि अक्षरं काचेसारखी आरपार. मग लाइटच्या टेबलावर ठेवून बारीक ब्रशने टाचणीच्या टोकाएवढी भोकं बुजवत बसा, कारण धुळीच्या कणामुळे झालेलं एखादं भोक राहिलं तर पडद्यावर नावाशेजारी फुकटचा तारा चमकणार.

आणि अक्षराभोवतीची ती चमकती आभा? पहिल्या वेळी या फिल्ममागून लाइट टाकून अक्षर स्वच्छ शूट करायचं, फिल्म कॅमेऱ्यातच मागे गुंडाळायची, मग अक्षराखाली रंगीत जिलेटिनचा पारदर्शक कागद आणि लेन्सवर धूसर फिल्टर लावून त्याच फ्रेमवर दुसरं एक्स्पोजर. अक्षर हलतं असेल आणि मोजणीत एक फ्रेम इकडची तिकडे झाली तर आभा एकीकडे, अक्षर दुसरीकडे. ते कळणार कधी, तर लॅबमधून फिल्म धुऊन आल्यावर! मला विचाराल तर या कामात अक्षराच्या वळणापेक्षा नसा जास्त मजबूत लागत असणार.

राहिलं पाच मिनिटांचं. होत असेल बुवा, अ‍ॅपमध्ये ग्लोचं बटण आहेच, पण ते नक्कल करतं ती याच सांडलेल्या उजेडाची. इकडे सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे दोन मिनिटांच्या टायटलला 2880, आणि शेवटच्या दिवशी कोणाच्या तरी आडनावातली वेलांटी चुकलेली सापडली की पुन्हा त्या दोन बाटल्या काढा.