नवी मानसोपचारपद्धत आली? लिहा मग दणकून!

परवाच्या रविवारी एका पुरवणीत माइंडफुलनेस थेरपीवर, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे शांतपणे लक्ष द्यायला शिकवणाऱ्या उपचारावर, अर्ध्या पानाचा लेख आला. मथळा, ‘डिप्रेशनच्या गोळ्यांना कायमचा रामराम!’ वर समुद्रकिनारी पद्मासन घातलेली बाई, खाली एकावर एक रचलेले गुळगुळीत दगड. दुपारची जेवणं उरकेपर्यंत तो लेख झाडून सगळ्या फॅमिली ग्रुपांवर फिरून आला होता, सोबत कुठल्या तरी काकांची पुस्ती: ‘आपल्या ऋषीमुनींनी हे आधीच सांगून ठेवलंय.’

एवढा गाजला म्हटल्यावर असे आणखी येणारच. तुम्हीही मागे राहू नका. पद्धत कोणतीही असो, कृती एकच. साहित्य: एक परदेशी बातमी, एक पेशंट, मेंदूचं एक चित्र आणि ‘क्रांतिकारी’ हा शब्द चवीनुसार.

नावापासून सुरुवात करा. इंग्रजी नावाचं शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करायचं आणि पुढे सटकायचं. ‘नेत्रहालचालींद्वारे असंवेदनीकरण व पुनर्प्रक्रियाकरण’ असं एकदा छापलं की वाचक आदराने गप्प बसतो. यालाच थेरपिस्ट ईएमडीआर म्हणतात, हे सांगू नका; नाहीतर गरजू माणूस नेमकी चौकशी करायचा. मग फ्रान्सिन शपिरोची गोष्ट सांगा. १९८७ साली ही बाई बागेत फिरत होती, डोळे इकडून तिकडे झरझर हलले आणि मनातल्या त्रासदायक विचारांची धार बोथट झाली. इथेच थांबायचं. या उपचारात आठ टप्पे असतात आणि थेरपिस्टची बोटं डोळ्यांपुढे हलायला लागतात ती चौथ्या टप्प्यात. त्याआधी सगळा इतिहास घेतात, माणसाला स्वतःला सावरायला शिकवतात, आठवणीचा त्रास ० ते १० च्या पट्टीवर आणि स्वतःबद्दलचा नवा विश्वास १ ते ७ च्या पट्टीवर मोजतात. हे लिहिलंत तर जादू कुठे राहिली? जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली या पद्धतीची शिफारस केली, हे मात्र ठळक छापा. ती पीटीएसडीसाठी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे लागणाऱ्या मनाच्या आजारासाठी होती, तेवढं गाळा आणि खाली ‘चिंता, नैराश्य, परीक्षेची भीती, घटस्फोट’ अशी यादी जोडून द्या. डोळ्यांच्या हालचालींचा गुणात वाटा किती, हे भांडण तर उकरूच नका. २००१ च्या एका आढाव्यात त्यांनी काहीच भर पडत नाही असं दिसलं, २०१३ च्या दुसऱ्या आढाव्यात मध्यम भर पडते असं दिसलं. दोन्ही लिहिलं की वाचकाला विचार करावा लागतो. रविवारी सकाळी?

मेंदूचं चित्र टाकाच, निळं-तांबडं. २००९ मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी मुद्दाम एक मेलेला सॅल्मन मासा स्कॅनरमध्ये ठेवला आणि त्याला माणसांचे फोटो दाखवले. आकडेमोडीतली एक दुरुस्ती वगळली तर माशाच्या मेंदूतही ‘हालचाल’ दिसते, हे त्यांना दाखवायचं होतं. आणि ती दिसली. तुमच्या चित्रात ती दुरुस्ती केली होती का, हे तुम्हालाही ठाऊक नाही, संपादकालाही नाही. चित्र तर छान आहे.

‘संशोधनातून सिद्ध झालंय’ एवढं पुरे. कुठे, कधी, किती जणांवर, असं विचारणारी माणसं पुरवणी वाचत नाहीत.

पेशंटची गोष्ट हवीच आणि तिला ‘नाव बदललं आहे’ हा कंस हवा. नाव बदलायचं, बाकी सगळं ठेवायचं: हिंजवडीतली नोकरी, कोथरूडमधलं सासर, जुळ्या मुली, बँकेतून रिटायर झालेले सासरे. बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी तिला ओळखलं तरी काय झालं, नाव तर बदललंय ना! वय, गाव, व्यवसाय, मुलांची संख्या यांतलं निम्मं बदलायला आणि छापण्याआधी मजकूर तिला वाचून दाखवायला वेळ कुणाला आहे? ती बरी झाली त्यात वेळ, गोळ्या, बदललेला बॉस आणि माहेरी काढलेले दोन महिने यांचा वाटा किती, हा तर भोचकपणा झाला.

तज्ज्ञ म्हणून जो फोन उचलेल तो चालेल. सायकिअॅट्रिस्ट म्हणजे एमडी डॉक्टर, तो गोळ्या लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असते. आणि समुपदेशक अशी पाटी तीन दिवसांची कार्यशाळा करूनही लावता येते. तुम्ही तिघांनाही ‘मानसोपचारतज्ज्ञ’ म्हणा. विशेषतः कार्यशाळावाल्याला. तो लेखाखाली स्वतःचा नंबर छापायला आनंदाने देईल.

पद्धत शोधणाऱ्यानेच प्रयोग केला, त्यानेच मोजलं आणि कोर्सही तोच विकतो? उत्तम. मुलाखत घ्या.

सध्या तेजीत आहेत ते झिंग आणणारे उपचार. २०२१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये सायलोसायबिन (काही अळिंब्यांतला झिंग आणणारा पदार्थ) आणि एस्सिटालोप्राम (नैराश्यावरची नेहमीची गोळी) यांची तुलना आली. ५९ माणसं, सहा आठवडे. आधी ठरवलेल्या मुख्य मोजमापावर दोघांत म्हणावा असा फरक नाही. दुय्यम मोजमापं बहुतेक सायलोसायबिनच्या बाजूची, पण इतक्या तुलना एकदम केल्यावर जी दुरुस्ती करायची ती केलेली नाही, तेव्हा त्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही, असं लेखकांनीच लिहिलं. तुम्ही काढा. तुम्हाला कोण अडवतंय? एमडीएमए या नशेच्या पदार्थाच्या मदतीने होणाऱ्या उपचाराला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता नाकारली. एक मोठी अडचण अशी, की मिळालेली गोळी खरी की खोटी हे बहुतेकांना घेतल्यावर थोड्याच वेळात कळतं, मग तुलनेला अर्थ काय राहतो? एवढं सगळं ‘लवकरच भारतातही’ या दोन शब्दांत बसवता येतं. दोन्ही पदार्थ आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली येतात, ही किरकोळ बाब.

आता खरा हातखंडा. गुण आला, तो कशाच्या तुलनेत, हे कधीही लिहायचं नाही.

साधा प्रकार असा. निम्म्या लोकांना नवी थेरपी द्यायची, निम्म्यांना वेटिंग लिस्टवर ठेवायचं. यादीतला माणूस दुसरीकडे जात नाही, कारण त्याचा नंबर लागणार असतो; हातपाय गाळून वाट बघत बसतो. मग थेरपीवाले किती पुढे गेले याचा आकडा फुगतो. एकाला जेवू घालायचं, दुसऱ्याला रिकाम्या पानावर बसवायचं आणि जाहीर करायचं की आमची नवी आमटी क्रांतिकारी आहे! आमटीच होती, कालच्यासारखीच होती, पण पोट भरलं हे खरं.

परवाच्या लेखाने याच्याही पुढची मजल मारली. त्यातलं मुख्य वाक्य: ‘माइंडफुलनेस थेरपी गोळ्यांइतकीच परिणामकारक असल्याचं ब्रिटनमधल्या संशोधनातून सिद्ध झालं आहे.’ हे संशोधन २०१५ चं, ‘द लॅन्सेट’मधलं. चला, नवं धरू. त्यात माणसं ४२४. कसली माणसं? ज्यांना नैराश्याचा आजार तीन किंवा अधिक वेळा होऊन गेलाय, जी गोळ्या घेताहेत आणि सध्या बऱ्यापैकी बरी आहेत. आज ज्याला अंथरुणातून उठवत नाही, अन्न जात नाही, त्याच्यावर हा प्रयोग झालेलाच नाही! प्रश्न होता तो आजार उलटू नये याचा. निम्म्यांनी गोळ्या चालू ठेवल्या. निम्म्यांनी आठ आठवडे, दर वेळी सव्वादोन तास, शिकवलेल्या माणसासमोर गटात बसून सराव केला, घरी रोज केला, पुढच्या वर्षभरात त्यांना उजळणीची चार सत्रं देऊ केली होती, आणि गोळ्या कमी करायच्या त्या डॉक्टरांच्या नजरेखाली, हळूहळू. दोन वर्षांत आजार किती जणांवर उलटला? गोळ्यांच्या गटात २१२ पैकी १००. माइंडफुलनेसच्या गटात २१२ पैकी ९४. म्हणजे ४७ टक्के आणि ४४ टक्के. प्रयोग आखला होता माइंडफुलनेस सरस आहे का हे बघायला. ती सरस आढळली नाही. ‘सरस आढळली नाही’ आणि ‘तितकीच परिणामकारक असल्याचं सिद्ध झालं’ ही एकच गोष्ट नव्हे हो! दुसरी सिद्ध करायची तर किती फरक नगण्य धरायचा हे आधी लिहून ठेवावं लागतं, आणि त्या हिशोबाने माणसं घ्यावी लागतात. आणि ४४ टक्के म्हणजे सगळं यथासांग करूनसुद्धा शंभरातल्या चव्वेचाळीस जणांना आजाराने पुन्हा गाठलं. ‘कायमचा रामराम’ म्हणे!

याच थेरपीच्या २००० सालच्या पहिल्या मोठ्या चाचणीत १४५ माणसं होती. ज्यांना आजार तीन किंवा जास्त वेळा झाला होता त्यांच्यात उलटण्याचं प्रमाण ६६ वरून ३७ टक्क्यांवर आलं. ज्यांना दोनदाच झाला होता, त्यांना फायदा दिसला नाही. म्हणजे ही थेरपी कुणाला लागू आणि कुणाला नाही, हे पहिल्याच दिवशी छापून आलं होतं. इतकी उपयोगी माहिती हाताशी असताना ती गाळून तिथे दगडांचा फोटो टाकायचा, याला कसब लागतं.

आणि तो लेख वाचून सोमवारी सकाळी कुणीतरी गोळ्यांची स्ट्रिप कचऱ्यात टाकली असेल. महिनोन् महिने घेतलेली गोळी एकदम थांबवली की काय होऊ शकतं, ते लेखात नाही. चक्कर येते, मळमळतं, झोप उडते, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात, चिडचिड होते. घरच्यांना वाटतं, आजार परत आला. त्या काकांना वाटतं, गोळ्यांचं विष बाहेर पडतंय. काही आठवड्यांनी खरोखरच आजार परत येऊ शकतो, तोवर माणूस डॉक्टरकडे जायचा थांबलेला असतो.

बोलून करायच्या उपचारांना साइड इफेक्ट नसतात, असंही लिहा. भाजलेल्या रुग्णांना अपघातानंतर लगेच एकदा बसवून सगळं बोलतं करायचं, असा प्रयोग १९९७ मध्ये छापून आला. तेरा महिन्यांनी पीटीएसडी आढळला तो बोलतं केलेल्यांपैकी २६ टक्क्यांना आणि तसंच राहू दिलेल्यांपैकी ९ टक्क्यांना. बोलतं केलेले मुळातच जरा जास्त भाजलेले होते, हेही खरं. पण आजही कुठे दुर्घटना झाली की दुसऱ्या दिवशी कुणीतरी माइक घेऊन म्हणतंच, ‘त्यांना मन मोकळं करू द्या’.

फसलेल्या चाचण्यांचं नाव काढू नका. अमेरिकेच्या सरकारी पैशावर १९७२ ते २००८ या काळात नैराश्यावरच्या मानसोपचारांच्या ५५ चाचण्या झाल्या, १३ चे निकाल कधी छापलेच नाहीत. ते मागवून हिशोबात धरले तेव्हा परिणामाचा आकडा ०.५२ वरून ०.३९ वर आला. उपचार खोटे ठरले नाहीत, पण छापलेल्या आकड्यातला पाव हिस्सा नुसता फुगवटा निघाला.

आणि गोव्याबद्दल चुकूनही लिहू नका. तिथे समुद्रकिनारा असूनही फोटो मिळणार नाही. २०१७ साली त्याच ‘लॅन्सेट’मध्ये आलं: गोव्यातली १० प्राथमिक आरोग्य केंद्रं, बऱ्याच तीव्र नैराश्याची ४९५ माणसं. उपचार देणारे ना डॉक्टर ना मानसशास्त्रज्ञ, ‘संगथ’ संस्थेने शिकवून तयार केलेले साधे समुपदेशक. ३० ते ४० मिनिटांची ६ ते ८ सत्रं. त्यात काय? दिवस कसा जातो ते बघायचं, सुटलेली कामं आणि माणसं हळूहळू पुन्हा धरायची, अडचण आली तर ती सोडवायचा रस्ता मिळून शोधायचा. तीन महिन्यांनी ६४ टक्के आजारातून बाहेर आले. तुलनेला वेटिंग लिस्ट नव्हती. दुसऱ्या गटाच्याही डॉक्टरांना रुग्णाच्या तपासणीत नैराश्य आढळल्याचं कळवलेलं होतं, आणि तिथे बाहेर आले ३९ टक्के. आपल्या शेजारच्या राज्यातल्या सरकारी दवाखान्यातलं काम आहे हे. मराठी पुरवण्यांत किती वेळा वाचलंत?

बास झाला उपरोध. अहो, तुमचा लेख वाचणारा माणूस चहाबरोबर करमणूक शोधत नसतो. तो रात्री तीन वाजता मोबाइलवर तो लेख चौथ्यांदा वाचत असतो. त्याची बायको ते कात्रण पर्समध्ये ठेवते. त्यांच्यासाठी पाच गोष्टी लिहायला तुम्हाला काय धाड भरली होती? उपचार कुठल्या आजाराचा, कितपत तीव्र. किती माणसांवर. कशाच्या तुलनेत. शंभरातल्या किती जणांना गुण आला आणि तुलनेच्या गटात किती जणांना. उपचार कोण देतं, किती सत्रं, किती पैसे. सगळं मिळून आठ ओळी होतात, दगडांच्या फोटोपेक्षा कमी जागा. मूळ निबंध वाचायला जमत नसेल तर निदान त्याचा गोषवारा वाचा. तो फुकट असतो आणि एका पानाचाही नसतो. भारतातली चाचणी असेल तर सीटीआरआयची, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही २००७ पासून सगळ्यांना उघडी आहे. आधी काय मोजायचं ठरवलं होतं आणि शेवटी काय छापलं, हे दहा मिनिटांत ताडता येतं. दहा मिनिटं! मथळ्यातलं ते उद्गारचिन्ह शोधायला तुम्ही याहून जास्त वेळ घेतला असेल.

आणि त्या पुरवणीच्या संपादकांनी येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच ठळक टायपात छापावं: ‘चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आमच्या लेखाने तसा समज करून दिला, ती आमची चूक.’ खाली टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर द्यावा, १४४१६. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. पान चारच्या कोपऱ्यात, राशिभविष्याखाली नको.