चक्कर आली की मानेत गॅप? काहीही काय!

सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय. चक्कर येते म्हणजे मानेच्या मणक्यात गॅप नाहीतर बीपी लो, मग पट्टा लावा, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी प्या, चक्करची गोळी रोज चालू ठेवा आणि डोकं अजिबात हलवू नका.

आधी तो गॅप. अहो, वय झाल्यावर एक्सरे काढला की बहुतेकांच्या मानेत झीज दिसतेच, चक्कर असो नसो. माझ्या आईने त्या गॅपपायी दोन महिने पट्टा घातला. तिचं काय व्हायचं, रात्री उजव्या कुशीवर वळली की घर गरगर फिरायचं, पलंगाची कड घट्ट धरून बसायची, अर्ध्या मिनिटात सगळं शांत, आणि माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली की परत तेच. शेवटी कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी तिची मान उजवीकडे वळवून तिला झटकन आडवं केलं, आणि मी बघितलं, बुबुळं आपोआप झटके देत फिरत होती! दोष कानात. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक खडे असतात, ते जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या नळीत शिरले की डोकं हलल्यावर मेंदूला वाटतं आपण फिरतोय. ह्याला बीपीपीव्ही म्हणतात, गरगरण्याचं हे फार कॉमन कारण आहे. उपाय काय तर एप्ली मॅन्युव्हर, म्हणजे डोकं ठरलेल्या क्रमाने वळवत खडे परत जागेवर आणायचे, पाचेक मिनिटांचं काम, कधी दोन-तीनदा करावं लागतं. आता सांगा, डोकं न हलवता हे कसं करणार?

बीपी लो झालं की उभं राहताना डोळ्यापुढे अंधारी येते, घर फिरत नाही. आणि हाय बीपीवाल्याला मीठपाणी पाजू नका प्लीज.

गोळीने मळमळ, गरगर दबते, खडे हलत नाहीत. दोन-चार दिवस ठीक, पण महिनोन्‌महिने घेतली तर मेंदू तोल सावरायला शिकतच नाही, आणि काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचे हात थरथरायला लागतात.

बाकी तासन्‌तास गरगरतंय, कान गच्च, आत शिट्टी वाजते, ऐकू कमी येतं तर मेनिएर नावाचा कानाचा आजार असू शकतो, मायग्रेनमुळेही चक्कर येते, म्हणून तपासून घ्या. पण चक्करसोबत बोबडी वळली, एकाचे दोन दिसले, हातपाय लुळा पडला किंवा उभंच राहता येईना तर तो स्ट्रोक असू शकतो. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेव्हा लिंबू पिळत बसू नका, गाडी काढा.